मोबाईलचा टॉवर खरा की खोटा? दूरसंचार सुरक्षेची मानके कशी घडतात



प्राथमिक शाळेतल्या बाईंनी दूरसंचाराच्या मानकांवर कशाला लिहायचं, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. मुलांची शिष्यवृत्ती, गॅसचं अनुदान, बँकेचं खातं, आपल्या शाळेच्या पोर्टलचं लॉगिन, सगळं आज एका सहा अंकी ओटीपीवर येऊन थांबलंय. तो ओटीपी हवेतून येतो. मधे तो कोणी वाचला तर? “कोणाला ओटीपी सांगू नका” हे आपण पालकसभेत सांगतो, ते बरोबरच आहे. पण पालकाने तो कोणालाच न सांगताही चोरीला गेल्याची उदाहरणं जगात आहेत. तिथे चूक ग्राहकाची नसते, जाळं ज्या नियमांवर उभं आहे त्या नियमांची असते. त्या नियमांनाच मानक म्हणतात. ते कोण लिहितं, कसं लिहितं आणि चुकलं तर काय होतं, हे आज पाहू. सोबत मी चौथी-पाचवीच्या वर्गात घेते ते खेळही देते.

मानक म्हणजे काय?

मुलांना मी वहीच्या पानावरून सांगते. कोणत्याही दुकानातला ए-४ कागद कोणत्याही प्रिंटरमध्ये बसतो, कारण दोघांनी एकच माप मान्य केलेलं असतं. फोनचंही तसंच. एका कंपनीचा फोन, दुसरीचं सिम, तिसरीचा टॉवर, तरी बोलणं होतं. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये देशादेशांतल्या तारांसाठी जी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, ती आजची आयटीयू. म्हणजे ही गोष्ट टेलिफोनच्याही आधीची!

फक्त कागदाचं माप चुकलं तर कागद अडकतो आणि आपल्याला लगेच कळतं. सुरक्षेचं मानक चुकलं तर काहीच अडकत नाही. फोन लागतो, मेसेज येतो, सगळं छान चालतं. चूक कळते ती दहा-वीस वर्षांनी, आणि तोवर तीच चूक कोट्यवधी फोनांत जाऊन बसलेली असते. या विषयातली खरी गोम हीच आहे.

टू-जीची गोष्ट

१९८२ मध्ये युरोपातल्या टपाल व दूरसंचार खात्यांनी एक गट नेमला. पुढे १९८८ मध्ये एटसी ही मानक संस्था स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे आलं. त्यातून जीएसएम, म्हणजे आपलं टू-जी, तयार झालं. १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये पहिला जीएसएम कॉल झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना फोन केला, तो आपला पहिला मोबाईल कॉल. साध्या बटणांच्या फोनवर आजही टू-जी चालतं. आपल्या कित्येक पालकांच्या हातात तोच फोन आहे, म्हणून ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही.

टू-जी घडवताना सुरक्षेचा विचार झालाच नव्हता असं नाही. त्याआधीच्या मोबाईलवरचं बोलणं साध्या रेडिओ रिसीव्हरवर कोणीही ऐकू शकत असे. म्हणून जीएसएममध्ये दोन गोष्टी आणल्या. सिममध्ये एक गुप्त किल्ली ठेवली, तिचीच जोडीची प्रत कंपनीकडे. आणि फोन ते टॉवर हवेतलं बोलणं कुलूपबंद केलं.

पहिली गोष्ट समजावायला हा खेळ घ्या. एका मुलाला ‘सिम’ करा, तुम्ही ‘टॉवर’ व्हा. तुम्हा दोघांनाच माहीत असलेला गुप्त अंक ठरवा, समजा ७. आता वर्गासमोर मोठ्याने विचारा, “बारा!” सिमने त्यात गुप्त अंक मिळवून उत्तर द्यायचं, “एकोणीस!” तुम्ही म्हणा, ओळख पटली. वर्गातलं एखादं हुशार पोर लगेच ओरडतं, “बाई, वजा केलं की कळतं!” अगदी खरं. मग नियम बदला. बेरजेऐवजी गुणाकार करायचा आणि फक्त शेवटचा अंक सांगायचा. बारा साती चौऱ्याऐंशी, उत्तर ४. आता ऐकणाऱ्याला नक्की सांगता येत नाही, कारण बारा दुणे चोवीसचाही शेवट ४ च आहे. गुप्त अंक २ असेल किंवा ७. पुन्हा विचारा, “तेरा!” उत्तर येतं १. तेरा साती एक्क्याण्णव. दोनने २६ येतात, म्हणजे तो बाद. गुपित फुटलं!

पाढ्यांचा सराव होतो हा वरचा फायदा. पण मुलांच्या हाती यातून जे येतं ते खूप मोठं आहे. प्रश्न आणि उत्तर सगळ्यांनी ऐकलं तरी गुपित कळू नये, असा नियम शोधणं फार अवघड असतं. जीएसएममध्ये अनेक कंपन्यांनी यासाठी ‘कॉम्प-१२८’ नावाची पद्धत वापरली. ती गुप्त ठेवली होती. १९९८ मध्ये अमेरिकेत संशोधकांनी दाखवून दिलं, की सिम हातात असेल आणि त्याला पुरेसे प्रश्न विचारले, तर आतली किल्ली बाहेर काढता येते. म्हणजे सिमची दुसरी प्रत बनवता येते. आपल्या वर्गात दोन प्रश्न लागले, त्यांना हजारो लागले, एवढाच फरक.

कुलूप मुद्दाम कच्चं

आता दुसरी गोष्ट, हवेतल्या बोलण्याचं कुलूप. त्याचं नाव ए५/१. त्याचा एक धाकटा भाऊ होता, ए५/२. तो मुद्दाम कमकुवत बनवला होता, काही देशांना निर्यात करण्यासाठी. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट हीच. आमच्यासाठी एक कुलूप, तुमच्यासाठी दुसरं.

शिवाय मोठ्या भावाची किल्लीही पूर्ण नव्हती. किल्ली ६४ बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक अशा ६४ खुणांची. पण सुरुवातीच्या काळात त्यातल्या १० खुणा नेहमी शून्यच ठेवलेल्या असत. मुलांना विचारा, एक खूण कमी केली तर किल्ल्या किती कमी होतात? निम्म्या. दोन कमी केल्या तर पाव. दहा कमी केल्या तर? कागदाची घडी दहा वेळा घालायचा प्रयत्न करा, नाहीतर फळ्यावर दुप्पट करत जा: २, ४, ८, १६... दहाव्या पायरीला १०२४ येतं. म्हणजे चोराचं काम १०२४ पट सोपं! त्या काळी मानक बनवणाऱ्या गटात असलेल्या काही जणांनी २०१४ मध्ये नॉर्वेच्या आफ्टेनपोस्टेन या दैनिकाला सांगितलं, की मजबूत किल्ली ठेवायचा विचार झाला होता, पण ती कच्ची ठेवावी असा दबाव आला. सरकारांना ऐकायचं होतं. पण सरकारला ऐकता येईल असं कुलूप चोरालाही उघडता येतं, कारण कुलपाला माणूस ओळखता येत नाही.

पुढे जे व्हायचं तेच झालं. १९९९ पर्यंत दोन्ही कुलपांची रचना फोन उलगडून बाहेर काढली गेली. २००३ मध्ये इस्रायलच्या बार्कन, बिहम आणि केलर यांनी ए५/२ जवळजवळ लगेच फोडता येतं हे दाखवलं, आणि जुलै २००६ पासून नव्या फोनांत ते ठेवायचं नाही असं ठरलं. २००९ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल यांनी ए५/१ फोडण्यासाठी आधीच गणित करून ठेवलेले तक्ते मांडले. आपण दिनदर्शिकेत तिथी आयती पाहतो, पंचांगाचं गणित दर वेळी करत बसत नाही, तसंच हे.

ऑगस्त केरकॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. (हो, भाषेचा शिक्षक! आपल्या जातीचा माणूस.) जीएसएमवाल्यांनी शंभर वर्षांनी नेमकं उलटं केलं.

खोटा मास्तर

पण माझ्या मते टू-जीतली सर्वांत मोठी खोट कुलपात नव्हतीच. वर्गातल्या खेळाकडे पुन्हा पाहा. टॉवरने सिमला तपासलं. सिमने टॉवरला तपासलं का? नाही! मानकात तशी सोयच नव्हती. टॉवर म्हणजे मोठं, महागडं यंत्र, ते कोण खोटं बनवणार, असं तेव्हा गृहीत धरलं गेलं. पुढे ती यंत्रं स्वस्त आणि पिशवीत मावतील एवढी छोटी झाली. खोटा टॉवर जोरात सिग्नल सोडतो, जवळचे फोन त्याच्याकडे वळतात. तो किल्ली तपासतच नाही, काहीही उत्तर आलं तरी “बरोबर” म्हणतो. वर फोनला सांगतो, की इथे कुलूप लावू नको. टू-जीचा फोन निमूट ऐकतो.

वर्गात हे दाखवायला दुसऱ्या वर्गातल्या एखाद्या मोठ्या मुलाला हजेरीपट घेऊन आत पाठवा. तो नावं पुकारेल, मुलं “हजर” म्हणतील. कोणीही विचारणार नाही, की तू कोण?

थ्री-जी बनवताना हे दुरुस्त केलं गेलं. १९९८ च्या डिसेंबरात थ्रीजीपीपी ही संयुक्त संस्था उभी राहिली. आज तिच्यात युरोप, अमेरिका, चीन, जपान, कोरिया आणि भारत इथल्या सात मानक संस्था आहेत, आपली टीएसडीएसआय त्यांपैकी एक. थ्री-जीत नियम आला, की टॉवरमागच्या कंपनीनेही आपल्याला किल्ली माहीत असल्याचा पुरावा द्यायचा. त्या पुराव्यात चढता अनुक्रमांक गुंफलेला असतो. खेळात हे असं घ्या: तुम्ही सिमला चिठ्ठी द्या, तिच्यावर क्रमांक ४१ आणि त्यावरून गुप्त अंकाने काढलेलं उत्तर. मुलाने उत्तर तपासायचं आणि क्रमांक मागच्यापेक्षा मोठा आहे ना, हेही पाहायचं. कोणी कालची ४० नंबरची चिठ्ठी उचलून आणली तर? उत्तर खरं आहे, पण चिठ्ठी शिळी. बाहेर! मुलांना हा भाग भयंकर आवडतो, चिठ्ठ्या चोरायची अधिकृत परवानगी मिळते ना.

थ्री-जीत कुलपाची रचनाही उघड प्रसिद्ध केली गेली, जगभरच्या गणितज्ञांनी तपासावी म्हणून.

“करावे” आणि “केलेच पाहिजे”

व्याकरण शिकवणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. थ्रीजीपीपीत सुरक्षेचं काम एसए-३ नावाचा गट पाहतो. कंपन्यांचे आणि संस्थांचे प्रतिनिधी बैठकींना प्रस्ताव आणतात, वाद होतात, शक्यतो एकमताने मजकूर ठरतो, आणि तो क्रमांक देऊन प्रसिद्ध होतो. थ्री-जीच्या सुरक्षेचा दस्तऐवज ३३.१०२, फोर-जीचा ३३.४०१, फाइव्ह-जीचा ३३.५०१. कोणीही फुकट उतरवून वाचू शकतं.

या दस्तऐवजांत क्रियापदाला कायद्याचं वजन असतं. “केलेच पाहिजे”, “करावे” आणि “करता येईल” यांचे अर्थ वेगवेगळे, आणि एका क्रियापदासाठी बैठकीत तास जातात. त्यातही एक मेख आहे. “सोय असलीच पाहिजे” आणि “सोय वापरलीच पाहिजे” ही दोन वाक्यं एक नव्हेत. शाळेत अग्निशामक नळकांडं असलंच पाहिजे, हा नियम आपण पाळतो. ते भरलेलं आहे का, हा वेगळा प्रश्न!

खरं उदाहरण घ्या. फोर-जीत आपला इंटरनेटचा मजकूर हवेत कुलूपबंद करता येतो, पण वाटेत कोणी त्यात फेरफार केला तर ओळखण्याची सोय मानकात ठेवली नव्हती. त्याने जाळ्यावर भार वाढेल असा विचार होता. २०१८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की या फटीतून वापरकर्त्याला खोट्या संकेतस्थळाकडे वळवता येतं. फाइव्ह-जीत ती सोय आली. पण पहिल्या आवृत्तीत फोनने ती फक्त ६४ केबीपीएसच्या संथ वेगापर्यंत सांभाळली तरी चालेल अशी पळवाट होती, पूर्ण वेगाची सक्ती पुढच्या आवृत्तीत झाली. आणि ती चालू करायची की नाही, हे अजूनही कंपनी ठरवते. मानक वाचताना आधी क्रियापद पाहायचं ते यासाठी.

फाइव्ह-जीतली एक सुधारणा मात्र मला मनापासून आवडते. आधीच्या पिढ्यांत फोन नव्या जाळ्यात शिरताना आपल्या सिमचा कायमचा क्रमांक उघड्यावर सांगायचा. नंतर त्याला तात्पुरता क्रमांक मिळे, जसा बोर्डाच्या परीक्षेत नावाऐवजी बैठक क्रमांक. पण खोटा टॉवर म्हणे, “मला तुझा तात्पुरता क्रमांक समजला नाही, खरं नाव सांग,” की फोन सांगून मोकळा. कोण कुठे आहे ते त्यावरून कळायचं. फाइव्ह-जीत हा क्रमांक अशा लिफाफ्यात घालता येतो, जो फक्त आपली कंपनी उघडू शकते, आणि दर वेळी लिफाफा नवा दिसतो. अर्थात इथेही कंपनीने ती सोय सुरू केली तरच.

जाळ्याच्या आतली नोटीसवही

आतापर्यंत हवेतलं पाहिलं. पण ओटीपी एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यातही जातो. टू-जी आणि थ्री-जीच्या काळापासून कंपन्या आपापसांत ज्या भाषेत बोलतात तिचं नाव एसएस-७. ती १९७० च्या दशकात घडली. तेव्हा प्रत्येक देशात एखाद-दुसरी, बहुधा सरकारी, टेलिफोन कंपनी असे. सगळे ओळखीचे, म्हणून ओळख विचारायची पद्धतच ठेवली नाही. शिपाईकाका नोटीसवही घेऊन वर्गात आले की आपण वाचतो आणि सही करतो, मुख्याध्यापकांना फोन करून विचारत नाही, तसं. पुढे कंपन्या शेकड्यांनी वाढल्या आणि वही कोणाच्याही हातात जाऊ लागली.

२०१४ मध्ये टोबियास एंगेल आणि नोल यांनी हॅम्बुर्गच्या परिषदेत दाखवलं, की एसएस-७ ची दारं ज्याला उघडी आहेत त्याला दुसऱ्या देशातल्या ग्राहकाचं ठिकाण कळू शकतं, मेसेज वळवता येतात. इशारा मिळाला, तरी बदल संथ. २०१७ मध्ये जर्मनीत हे प्रत्यक्ष घडलं. चोरांनी आधी फसव्या मार्गाने लोकांचे बँकेचे पासवर्ड मिळवले. मग परदेशी कंपनीच्या जाळ्यातून एसएस-७ वर कळवलं, की हा ग्राहक आता आमच्याकडे आहे. ओटीपी तिकडे गेले, खात्यातले पैसे गेले. ओ-टू टेलेफोनिका कंपनीने तसं घडल्याचं मान्य केलं. त्या ग्राहकांनी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता.

एसएस-७ काढून टाका, असं म्हणता येत नाही, कारण रोमिंगपासून साध्या मेसेजपर्यंत जुनी जाळी त्यावर उभी आहेत. म्हणून कंपन्यांनी दारावर चाळणी लावली. परदेशातून आलेला निरोप शक्य आहे का, हे तपासायचं. सकाळी नाशकात असलेलं सिम दहा मिनिटांनी परदेशात कसं असेल?

आपल्याकडे काय चाललंय

भारतात दूरसंचार विभागाच्या अंतर्गत बंगळुरूला राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्र आहे. राउटर, वाय-फाय यंत्रं, फाइव्ह-जीचे भाग अशा प्रत्येक उपकरणासाठी सुरक्षेच्या अटी ते लिहितं, आणि प्रयोगशाळांत उपकरणं त्या अटींवर तपासली जातात. नव्या दूरसंचार कायद्याखाली नोव्हेंबर २०२४ मध्ये सायबर सुरक्षेचे नियम आले. सुरक्षेची घटना कळल्यापासून ६ तासांत कंपनीने सरकारला कळवायचं, हे त्यात आहे. ही क्रियापदं “केलेच पाहिजे” वाली आहेत, हे चांगलं.

पालकांनी घरी काय करावं? संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहा, अनोळखी असेल तर तिथेच कळवा. अचानक तासभर रेंज गेली आणि शेजाऱ्यांची आहे, तर आपल्या सिमची कोणी दुसरी प्रत काढली नाही ना, हे कंपनीकडे लगेच विचारा. पैसे गेले तर १९३० वर फोन, तोही त्याच तासात. अँड्रॉइड १२ पासूनच्या काही फोनांत टू-जी बंद करायचं बटण सिम सेटिंगमध्ये असतं. पण आधी घरी, शेतावर, रस्त्यावर फोर-जीची रेंज मिळते का ते तपासा. वाडी-वस्तीवर फक्त टू-जीच पोहोचत असेल तर ते बंद करून फोनच मुका होईल. बँकेच्या व्यवहारासाठी एसएमएसऐवजी ॲपमधली मंजुरी मिळत असेल तर ती घ्या.

वर्गासाठी उपक्रम

मुलांनाच एक मानक लिहायला लावा. विषय: सुट्टी सुटताना मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं? पहिला मसुदा गटाने लिहायचा, बहुतेक वेळा तो “ओळखीच्या माणसाकडेच द्यावे” असाच येतो. दुसऱ्या गटाने त्यातल्या फटी शोधायच्या. ओळखीचा म्हणजे कोणाच्या ओळखीचा? “द्यावे” की “दिलेच पाहिजे”? काका खरे, पण घरून निरोप आलाय की ते नुसतंच म्हणतायत? परवलीचा शब्द ठरवला तर तो रोज बदलायचा का? मग दुसरी आवृत्ती. माझ्या वर्गात आठवड्याभरात चौथ्या आवृत्तीपर्यंत गेलं होतं, आणि “मुलानेही न्यायला आलेल्या माणसाला परवलीचा शब्द विचारलाच पाहिजे” हे कलम तिसरीतल्या एका पाहुण्या मुलीने सुचवलं. तक्ता भिंतीवर लावा, पण लॅमिनेट करू नका. खाली आवृत्ती क्रमांक आणि तारखेसाठी जागा सोडा, पाचवी आवृत्ती येतेच.